काटा, तारामासा आणि महाभक्षी पेशी : इल्या मेचनिकॉव्ह यांची जीवनकथा



मागच्या महिन्यात सातवीतला एक मुलगा लंगडत वर्गात आला. मैदानाच्या कडेला बाभळीचा काटा टाचेत मोडला होता. ओरडा बसेल म्हणून त्याने घरी सांगितलंच नाही. दोन दिवसांत टाच लाल, गरम आणि टम्म फुगलेली. जांघेत गाठही आली होती, तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात. डॉक्टरांनी काटा काढला, पू काढला, पट्टी बांधली. परत येताना गाडीवर मागे बसून त्याने विचारलं की पू नेमका आला कुठून, काट्यातून का? मी सवयीने सांगून टाकलं की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, ते जंतूंशी लढतात, मेलेल्या सैनिकांचा पू होतो. पोराचं समाधान झालं, माझं झालं नाही. कारण काटा रुतल्यावर शरीरात काय होतं हा प्रश्न एका माणसाने १८८२ साली स्वतःला विचारला होता, आणि उत्तर शोधायला त्यानेही काटाच वापरला होता. त्या माणसाची गोष्ट आपण मुलांना फारशी सांगत नाही. पाश्चर सांगतो, फ्लेमिंग सांगतो, जेन्नर सांगतो. आज इल्या मेचनिकॉव्ह यांची सांगू या.

इल्याचा जन्म मे १८४५ मधला. खारकिव्ह शहराजवळचं एक खेडं, तेव्हा रशियन साम्राज्यात, आज युक्रेनमध्ये. वडील सैन्यात अधिकारी, आई ज्यू घराण्यातली, वाचनाची आवड असलेली. पाच भावंडांत हा सगळ्यात धाकटा आणि अतिशय चुळबुळ्या. एका जागी बसेल तर शपथ! पण झाडापाल्याचा आणि किड्यामुंग्यांचा विषय निघाला की तासन्‌तास रमायचा. लहान वयातच त्याला शिकवण्याची हौस होती. आपली निसर्गविज्ञानाची व्याख्यानं ऐकायला भावंडं आणि गावातली मुलं बसत नाहीत म्हटल्यावर तो खाऊच्या पैशांतून त्यांना पैसे देऊन बसवायचा. शिक्षकांनो, आपल्यावर अजून ही वेळ आलेली नाही, हे नशीबच म्हणायचं!

जाता जाता एक गोष्ट सांगतो. इल्याचा थोरला भाऊ इव्हान न्यायखात्यात नोकरीला होता आणि तो १८८१ मध्ये आजारपणात वारला. त्याच्या मृत्यूवरून टॉलस्टॉय यांना इव्हान इलिचच्या मृत्यूची प्रसिद्ध कथा सुचली. मराठी वाचकांपैकी अनेकांनी ती वाचली असेल. तो इव्हान इलिच म्हणजे आपल्या या शास्त्रज्ञाचा सख्खा भाऊ.

खारकिव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम इल्याने दोन वर्षांत संपवला. १८६४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी पदवी हातात. मग जर्मनी, मग इटलीत नेपल्सचा समुद्रकिनारा. समुद्रातले बारीकसारीक, बिनकण्याचे जीव गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि त्यांची वाढ कशी होते ते बघायचं, हे त्यांचं काम. म्हणजे हे गृहस्थ डॉक्टर नव्हते बरं का! प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे त्यांच्यावर होणाऱ्या टीकेत हा मुद्दा सारखा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

१८६५ मध्ये जर्मनीत गीसेन इथे त्यांनी एका चपट्या कृमीच्या पोटात काहीतरी वेगळं पाहिलं. आपल्या पोटात अन्न पचतं ते पोकळीत. पाचकरस बाहेर येतात, अन्नावर पडतात, मग ते विरघळतं. या कृमीत तसं नव्हतं. तिथल्या पेशी अन्नाचा कण सरळ आत ओढून घेत होत्या आणि पेशीच्या आतच पचवत होत्या. अमीबा जसं खातो, अगदी तसं. तेव्हा हे निरीक्षण वहीत राहिलं. त्याचा खरा उपयोग सतरा वर्षांनी झाला.

या सतरा वर्षांत मात्र आयुष्याने त्यांना फार तुडवलं. १८६९ मध्ये ल्युदमिला नावाच्या मुलीशी लग्न झालं. तिला क्षय होता, आणि तो इतका बळावला होता की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. हवापालट म्हणून ठिकाणं बदलली, कर्ज काढलं, भाषांतराची कामं घेतली. शेवटी तिला मदेरा बेटावर नेलं. १८७३ च्या एप्रिलमध्ये ती तिथेच गेली. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. क्षय कशाने होतो हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. कॉक यांनी त्याचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये.

ल्युदमिला गेल्यावर मेचनिकॉव्ह खचले. त्यांचे डोळेही इतके बिघडले होते की सूक्ष्मदर्शकात बघणं अशक्य झालं होतं. त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, पण वाचले. पुढे त्यांची पत्नी ओल्गा हिने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. त्याच दिवसांत जिनिव्हातल्या एका पुलावर दिव्याभोवती घोंघावणारे किडे त्यांना दिसले. या किड्यांचं आयुष्य तासांचं, मग यांच्यात नैसर्गिक निवड काम कशी करत असेल, असा विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि त्या विचाराच्या मागे ते पुन्हा कामाकडे वळले. मुलांना हा भाग सांगायचा की नाही, हे वय बघून ठरवा. मोठ्या वर्गात मी तो सांगतो आणि लपवत नाही, कारण थोर माणसं कधी खचत नाहीत असा मुलांचा समज होऊ देणं मला बरं वाटत नाही.

१८७५ मध्ये त्यांचं ओल्गाशी लग्न झालं. ती त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकली, पुढे प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर राबली आणि चित्रकलाही केली. १८८० मध्ये तिला विषमज्वर झाला. ती मरणाच्या दारातून परत आली, पण हे पुन्हा एकदा कोलमडले. या वेळी त्यांनी स्वतःला उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. हा ताप रक्तातून पसरतो का हे निदान विज्ञानाला तरी कळेल, असा त्यामागे विचार. ताप आला, जबरदस्त आला, आणि त्यातूनही ते वाचले.

ओडेसा विद्यापीठातली प्राध्यापकी त्यांनी १८८२ मध्ये सोडली. झारची हत्या झाल्यावर सगळीकडे सरकारी दडपशाही वाढली होती, विद्यापीठात राजकारण माजलं होतं. ओल्गाचे आईवडील वारले होते, तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी यांच्यावर आली होती. हा सगळा कुटुंबकबिला घेऊन ते सिसिली बेटावर मेसिना इथे गेले. समुद्रकिनारी घर, आणि बैठकीच्या खोलीतच प्रयोगशाळा. नोकरी नाही, पद नाही, विद्यापीठ नाही.

आता तो प्रसिद्ध दिवस. घरातली सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच घरी सूक्ष्मदर्शकावर. काचेखाली तारामाशाची अळी. तारामाशाची अळी पाण्यासारखी पारदर्शक असते, आतलं सगळं जिवंत चालू असताना दिसतं. तिच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी पोटाच्या नाहीत, कातडीच्या नाहीत, मधल्याच. त्या रंगाचे कण गिळतात हे त्यांना ठाऊक होतं. मग मनात आलं की पोटाशी संबंध नसलेल्या पेशींना खाण्याची ही खोड कशासाठी? शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूला खाऊन शरीर राखणं हे तर त्यांचं काम नसेल? तसं असेल तर या अळीत काटा खुपसला की या पेशी काट्याभोवती जमल्या पाहिजेत. आपल्या बोटात कुसळ गेलं की भोवती पू जमतो, अगदी तसंच. आणि या अळीला ना रक्तवाहिन्या, ना मज्जासंस्था. म्हणजे जे काही होईल ते निव्वळ पेशींचं.

बागेत मुलांसाठी संत्र्याच्या जातीचं एक झाड नाताळचं झाड म्हणून सजवलेलं होतं. बागेतूनच गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या पातळ कातडीखाली अलगद सरकवले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पहाटे काचेखाली पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली ती बऱ्याच वर्षांनंतर, तेव्हा तिला थोडी झिलई चढली असणार, हे मी वर्गात सांगतो. कारण एका रात्रीत काही सापडत नाही. त्या रात्रीच्या मागे गीसेनमधला चपटा कृमी होता आणि सतरा वर्षांचं निरीक्षण होतं. पण प्रयोग खरा, आणि त्याचा निकालही खरा.

पुढच्या वर्षी व्हिएन्नाला जाऊन त्यांनी तिथल्या प्राणिशास्त्रज्ञांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी ग्रीक शब्द जोडून नाव सुचवलं : फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी. त्यानंतर त्यांनी डॅफ्नियाचा अभ्यास केला. डबक्यात राहणारा हा टाचणीच्या डोक्याएवढा पारदर्शक जीव. त्याला एका प्रकारच्या यीस्टचा रोग होतो. यीस्टचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात, ते आतड्याची भिंत भोसकून अंगात शिरतात. भक्षक पेशी त्यांना वेढून खाऊ लागतात. पेशींनी वेळेत खाल्लं तर डॅफ्निया जगतो, यीस्टची वाढ पुढे गेली तर मरतो. रोग आणि शरीर यांच्यातली ही झुंज त्यांनी जिवंत प्राण्यात डोळ्यांनी पाहिली, आणि १८८४ मध्ये ती छापली.

इथे आपण जरा थांबू या, कारण दाह म्हणजे काय हा प्रश्न इथेच उलटापालटा झाला. दाह हा पुस्तकी शब्द, डॉक्टरी मराठीत त्याला शोथ म्हणतात. घरात आपण म्हणतो सुजलंय, ठणकतंय, पिकलंय. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणं रोमन काळातल्या सेल्ससने नोंदवलेली आहेत. पण दाह चांगला की वाईट? एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक वैद्यांचं मत होतं की ही शरीराची बिघाडाची अवस्था. जर्मनीत कोनहाइम यांनी दाखवलं होतं की दाहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, त्यामुळे मूळ दोष रक्तवाहिन्यांमध्ये आहे असं मानलं जाई. पांढऱ्या पेशींत जंतू दिसायचे, पण त्याचा अर्थ असा लावायचे की या पेशी जंतूंना आसरा देतात आणि अंगभर पसरवतात. म्हणजे पोलिसाच्या गाडीत चोर बसलेला बघून पोलिसालाच चोराचा साथीदार समजावं, तसं!

मेचनिकॉव्ह यांचं म्हणणं असं की तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्याच नाहीत, तरी काट्याभोवती पेशी जमतात. मग रक्तवाहिनी हे दाहाचं मूळ कसं? मूळ आहे ती भक्षक पेशी. रक्तवाहिन्या ही नंतर आलेली सोय, पेशींना जखमेपर्यंत लवकर पोहोचवण्यासाठी. आणि दाह हा मुळात रोग नसून रोगाला शरीराने दिलेलं उत्तर आहे. १८९१ मध्ये त्यांनी पॅरिसला दाहावर व्याख्यानमाला दिली आणि पुढच्या वर्षी तिचं पुस्तक निघालं. त्यात ते अमीबापासून सुरुवात करतात आणि एक एक पायरी चढत माणसापर्यंत येतात. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडते. माणसाच्या गुंतागुंतीपासून सुरुवात केली असती तर काहीच कळलं नसतं.

भक्षक पेशी एकाच प्रकारच्या नाहीत हेही त्यांच्याच लक्षात आलं. काही छोट्या, तुकड्यातुकड्यांच्या केंद्रकाच्या, जखमेवर आधी धावणाऱ्या. त्यांना ते मायक्रोफेज म्हणत, आज आपण न्यूट्रोफिल म्हणतो. दुसऱ्या मोठ्या, एकाच केंद्रकाच्या, जंतूंबरोबरच मेलेल्या पेशी, जुन्या तांबड्या पेशी, सगळं गिळणाऱ्या. त्यांना नाव दिलं मॅक्रोफेज. मराठीत आपण महाभक्षी पेशी म्हणू.

आता त्या मुलाची टाच डोळ्यांसमोर आणा. आज आपल्याला जे कळलंय त्याप्रमाणे तिथे काय झालं ते बघू.

काटा रुतला तेव्हा कातडीखाली काही महाभक्षी पेशी आधीच हजर होत्या. या कायमच्या रहिवासी. शरीरात जवळपास प्रत्येक ठिकाणी असे रहिवासी असतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचं रूप आणि काम वेगळं. यकृतातल्या कुप्फर पेशी रक्त गाळतात. फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या महाभक्षी पेशी धूळ आणि काजळी उचलतात. मेंदूतल्या मायक्रोग्लिया. प्लीहेतल्या महाभक्षी पेशी म्हाताऱ्या तांबड्या पेशी खाऊन त्यांतलं लोह परत वापरायला देतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास पेशी अशा निवृत्त होतात. हे सगळं आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, गाजावाजा न करता चालू आहे. या रहिवाशांपैकी अनेक, विशेषतः मेंदूतल्या, आपण आईच्या पोटात असतानाच तिथे जाऊन बसलेल्या असतात.

तर टाचेतल्या रहिवासी पेशींना जंतू आणि फाटलेल्या पेशींचे तुकडे जाणवले. त्यांनी आरोळी ठोकली. आरोळी म्हणजे रसायनं : टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ वगैरे. त्यांच्यामुळे आणि शेजारच्या इतर पेशींच्या रसायनांमुळे रक्तवाहिन्या रुंदावल्या, म्हणून टाच लाल आणि गरम. भिंती सैल होऊन पाणी पाझरलं, म्हणून सूज. चेतातंतू जास्त हळवे झाले, म्हणून ठणका. हीच रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत गेली तर ताप. सेल्ससच्या चारही लक्षणांचा उलगडा झाला बघा.

काही तासांत न्यूट्रोफिलच्या झुंडी आल्या. त्यांनी जंतू गिळले आणि त्याही मेल्या. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशी, जंतू आणि विरघळलेला ऊतींचा चिखल. म्हणजे मुलाला मी दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. कारण खरी गंमत यापुढची आहे. एकदोन दिवसांत रक्तातून मोनोसाइट नावाच्या पेशी येतात आणि जखमेत उतरल्यावर महाभक्षी पेशी बनतात. या नव्या पाहुण्या सुरुवातीला आक्रमक असतात, आगीत तेल ओततात. मग त्या मेलेले न्यूट्रोफिल खाऊ लागतात, आणि हे मढं गिळणं हाच त्यांच्यासाठी इशारा ठरतो. त्या बदलतात. आरोळ्या थांबवतात, दाह शमवणारी रसायनं सोडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, धागे विणले जावेत, जखम भरावी यासाठी संदेश देतात. सैनिकाचा सफाई कामगार होतो आणि सफाई कामगाराचा गवंडी. म्हणून सैनिकाची एकच उपमा मला हल्ली अपुरी वाटते.

या दोन टोकांना शास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास एम-१ आणि एम-२ अशी नावं दिली. एम-१ म्हणजे दाह पेटवणारी, एम-२ म्हणजे दाह शमवून दुरुस्ती करणारी. ही नावं मुळात उंदरांच्या पेशींवरून आली. वर्गात समजावायला सोपी आहेत, वापरा. पण फळ्यावर दोन खाने आखून मोकळे होऊ नका. माणसाच्या शरीरातल्या महाभक्षी पेशी अशा दोन खान्यांत बसत नाहीत. एकाच पेशीत दोन्हींचे गुण सापडतात, आणि उंदरात दिसणाऱ्या काही खुणा माणसात तशा दिसतच नाहीत. रेडिओच्या खटक्यापेक्षा आवाजाच्या बटणाची उपमा जास्त जवळची, आणि तीही एका नाही, अनेक बटणांची.

हा बदल वेळेवर झाला नाही तर? मधुमेह असलेल्या आजोबांच्या पायाची जखम महिनोन्‌महिने का चिघळते, याचं एक कारण हेच. तिथल्या महाभक्षी पेशी पेटवण्याच्या अवस्थेतच अडकून राहतात. धमनीच्या भिंतीत चरबी गिळून गिळून फुगलेल्या महाभक्षी पेशी साचतात आणि तिथे दाह धुमसत राहतो, त्यातून हृदयविकार. खडी फोडणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते, महाभक्षी पेशी ती गिळते, पचवू शकत नाही, मरते, धूळ पुन्हा बाहेर, पुन्हा दुसरी पेशी गिळते. हे चक्र थांबत नाही आणि फुप्फुस दगडासारखं होत जातं. आणि कोविडची ती दोन वर्षं आठवा. टोसिलिझुमॅब हे नाव तेव्हा घराघरात पोहोचलं होतं, त्या इंजेक्शनसाठी लोक रात्ररात्र फिरत होते. ते औषध विषाणूला मारत नाही. वर सांगितलेल्या इंटरल्युकिन-६ ची आरोळी पेशींना ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळा घालतं, एवढंच. काही रुग्णांत विषाणूपेक्षा शरीराचा अनावर दाह जास्त घातक ठरत होता, आणि त्यात रक्तातून फुप्फुसात उतरलेल्या महाभक्षी पेशींचा मोठा वाटा होता.

मग क्षय. क्षयाचा जंतू महाभक्षी पेशीच्या पोटात जातो आणि तिथेच संसार थाटतो. पेशीला पचवू देत नाही. बाकीच्या महाभक्षी पेशी भोवती कडं करतात, भिंत बांधतात, आणि हा तुरुंग वर्षानुवर्षं टिकतो. भिंत ढासळली की रोग उफाळतो. मेचनिकॉव्ह यांनी पुढे क्षयावरही काम केलं, १९११ मध्ये साठी उलटल्यावर काल्मिक लोकांच्या गवताळ प्रदेशात क्षयाच्या अभ्यासासाठी मोहीम नेली. ज्या रोगाने ल्युदमिला गेली त्याचा सगळा खेळ ज्या पेशीत चालतो, त्या पेशीला नाव देणारा माणूस तिचाच नवरा होता. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

पुन्हा त्यांच्या आयुष्याकडे येऊ. १८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्राचं केंद्र निघालं आणि ते त्याचे प्रमुख झाले. पण तिथल्या डॉक्टरांना हा बिनडॉक्टर माणूस नको होता. त्यातच मेंढ्यांच्या लसीकरणात मोठा अपघात झाला. शेवटी १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. बर्लिनमध्ये कॉक यांनी थंडपणे वागवलं. पॅरिसमध्ये पाश्चर यांनी मात्र आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तेच त्यांचं घर झालं.

ओडेसातला त्यांचा एक विद्यार्थी त्यांच्या मागोमाग पॅरिसला आला. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. होय, तेच हाफकिन! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये बसून त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. तुमच्या मुलांनी पोलिओचे थेंब घेतले असतील तर हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. तर मेसिनाच्या त्या काट्याचं एक टोक असं परळपर्यंत येतं.

पॅरिसमध्येही सगळं सुरळीत नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ म्हणत होते की संरक्षण करतं ते रक्तातलं द्रव्य, पेशी फक्त मागाहून कचरा उचलतात. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष दाखवलं, १८९४ मध्ये फायफर यांनी पेशींविना कॉलराचे जंतू विरघळताना दाखवले. मेचनिकॉव्ह परिषदांमध्ये तावातावाने भांडत. गंमत म्हणजे रक्तातल्या त्या द्रव्याचं महत्त्वाचं काम त्यांच्याच प्रयोगशाळेत बोर्दे या तरुणाने केलं. आपल्या मताविरुद्ध जाणारं काम विद्यार्थ्याला आपल्याच छताखाली करू देणं, हे सोपं नसतं. पुढे कळलं की रक्तातली द्रव्यं जंतूंना जणू मसाला लावतात आणि मग भक्षक पेशी त्यांना झटपट खातात. दोघंही बरोबर होते. १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि द्रव्यवाद्यांचे प्रमुख पॉल एर्लिश यांना मिळून देण्यात आलं.

शेवटच्या काळात त्यांना म्हातारपणाने झपाटलं. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात, त्याने शरीर कुजतं आणि महाभक्षी पेशी आपल्याच ऊती खाऊ लागतात, केसांतला रंगसुद्धा त्याच खातात, असं त्यांचं मत होतं. केस पांढरे होण्याचं हे कारण चुकीचं ठरलं. उपाय म्हणून ते आंबवलेलं दूध पीत आणि लोकांना सांगत, आणि युरोपभर त्याचं वेड पसरलं. आज दुकानात प्रोबायोटिक म्हणून जे मिळतं त्याचं मूळ इथे आहे. आपल्याकडे दही-ताक रोजचंच, त्यामुळे काही जण ही गोष्ट सांगून ताकाचे चमत्कार वर्णन करतात. तसं करू नका. ताक चांगलं आहे, पण त्याने माणूस दीडशे वर्षं जगतो हे मेचनिकॉव्ह यांनाही सिद्ध करता आलं नाही. ते स्वतः १५ जुलै १९१६ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने पॅरिसमध्ये वारले. महायुद्ध चालू होतं. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवल्या आहेत, पुस्तकांच्या कपाटात.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम सांगतो. कुणाला मुका मार लागून काळंनिळं झालं असेल तर त्या डागाचा रोजचा रंग वहीत लिहायला सांगा. निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, मग नाहीसा. सांडलेलं रक्त महाभक्षी पेशी खातात, त्यातल्या तांबड्या द्रव्याचं आधी हिरवं आणि मग पिवळं द्रव्य होतं. सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळेतही हे दिसतं. आमच्या त्या मुलाची टाच आता बरी आहे. पट्टी सोडल्यावर त्याने पुन्हा विचारलं की खाऊन झाल्यावर त्या पेशी जातात कुठे. काही तिथेच मरतात, काही लसिकावाहिन्यांतून निघून जवळच्या गाठीत जातात, असं सांगितलं. त्याने लगेच जांघेला हात लावून पाहिला. अवधाण उतरलं होतं.